दोरी सहा फूट म्हणत होती

धम्मरत्न ओव्हाळबद्दल कुणी विचारलं तर मी त्याचं कौतुकच करतो. माणूस सरळ आहे, हाताला गुण आहे, कुणाच्या अध्यात ना मध्यात. हे सगळं माझं तोंड बोलतं. पोटात काय चालतं ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही. मी त्याच्यावर जळतो. तीन वर्षं झाली, रोज थोडं थोडं जळतो. आणि ज्याच्यावर आपण जळतो त्याला आपण फार बारकाईनं बघत असतो, म्हणून त्याच्याबद्दल लिहायला माझ्याइतका लायक माणूस भोसरीत दुसरा नाही.

मी ज्योतीराम. मूळचा धाराशिवकडचा. तीस वर्षांपूर्वी कामाला म्हणून भोसरीत आलो, आता एमआयडीसीत एस ब्लॉकला माझा स्वतःचा ग्राइंडिंगचा छोटा गाळा आहे. लोखंड घासून मापात आणायचं, हा धंदा. माझं काम कधी परत आलं नाही, हे मी दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवतो. दुसरा नाद जुन्या फिल्म कॅमेऱ्यांचा. पंधरा वर्षांपूर्वी पुण्याच्या जुन्या बाजारातून एक रशियन रेंजफाइंडर कॅमेरा आणला, खोलला, धुतला, पुन्हा जोडला आणि चालू केला. तेव्हापासून आमच्या गल्लीत मला सगळे 'कॅमेरेवाले' म्हणायचे. आता कुणी कॅमेरेवाल्यांचं घर विचारलं तर लोक पुढच्या वळणाकडे बोट दाखवतात. तिथं धम्मरत्न राहतो.

त्याची माझी ओळख गाळ्यासमोरच्या चहाच्या टपरीवर झाली. कॅमेरा माझ्या गळ्यात होता. आजवर तो बघून लोकांनी मला दोनच प्रश्न विचारले होते, चालतो का आणि केवढ्याला घेतला. हा चाळिशीच्या आतला, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. त्यानं कॅमेऱ्याकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाला, "दादा, ह्याचं भिंग एकीकडं आणि बघायची खिडकी एकीकडं. मग भिंग बरोबर बसलंय हे डोळ्याला कसं कळतं?"

मला हा प्रश्न सुचायला दीड वर्ष लागलं होतं. मी वरवर हसलो आणि त्याला दुसरा चहा सांगितला. जळायला सुरुवात तिथूनच झाली असावी.

उत्तर असं, की डोळ्याला कळतच नाही. या जातीच्या कॅमेऱ्यात आपण भिंगातून बघत नाही. वर एक वेगळी खिडकी असते, तिच्या मधोमध पिवळसर चौकोन. त्या चौकोनात समोरचा माणूस दोनदा दिसतो, एक पक्का आणि एक पुसट. चाक फिरवत गेलं की पुसट माणूस सरकत सरकत पक्क्यावर येतो. दोघे एकावर एक बसले की अंतर जुळलं. तेवढ्यात आतून भिंगही बरोबर तेवढंच पुढंमागं झालेलं असतं. झालेलं असतं, असं आपण धरून चालायचं. ते खरंच झालं की नाही, हे रोल धुतल्यावर कळतं.

धम्मरत्न चाकणच्या एका कंपनीत गेज रूमला आहे. कामगार ज्या मापांनी माल मोजतात ती मापंच बरोबर आहेत का, हे तपासायचं त्याचं काम. पहाटे कंपनीची बस पकडतो, दुपारी परत येतो, हातपाय धुतो, आणि मग त्याचा खरा दिवस सुरू होतो. बायको आम्रपाली बालवाडीत शिकवते. ती एकदा मला म्हणाली, "भाऊजी, आमच्या न्हाणीघरात अंघोळीला नंबर लागतो. आधी फोटो, मग माणसं." तो काळ्यापांढऱ्या रोलवर फोटो काढतो आणि घरीच न्हाणीघरात धुतो.

हे वेड त्याला कुठून लागलं तेही सांगतो. त्याचे वडील धोंडीबा इथल्याच एका फाउंड्रीत होते. धम्मरत्न लहान असताना ते गेले, तेव्हा घरात त्यांचा एकच फोटो निघाला, गेटपासवरचा. टपालाच्या तिकिटाएवढा. हनुवटीवर कंपनीचा गोल शिक्का. भिंतीवर लावायला तो मोठा करून आणला तर वडिलांबरोबर शिक्काही मोठा होऊन आला. धम्मरत्नच्या घरात आजही तोच फोटो आहे. वडिलांची हनुवटी कशी होती हे त्याला त्याच्या आईकडून ऐकावं लागतं. म्हणून तो गल्लीतल्या म्हाताऱ्यांचे फोटो काढतो. रिटायर झालेले कामगार, धुणीभांडी करून थकलेल्या बायका, टपरीवाला, सगळ्यांचे. आणि प्रत्येकाला त्याचा फोटो घरी नेऊन देतो.

मीही काढले होते त्याच माणसांचे फोटो, त्याच्या कितीतरी आधी. माझ्या फोटोत पापणीचा केस अन् केस मोजता येतो. लोक हातात घ्यायचे, 'वा, छान आलाय' म्हणायचे आणि कपाटात ठेवायचे. धम्मरत्नचा फोटो हातात घेतला की बायका तोंडाला पदर लावतात. आमच्या शेजारच्या कौशल्याबाईंनी त्यांचा फोटो देव्हाऱ्याशेजारी लावलाय. मी काढलेलासुद्धा त्यांच्याकडे आहे. कुठं आहे ते मी विचारलं नाही.

त्याची काम करायची एक रीत होती. त्याच्याकडे पहिला कॅमेरा भंगारातून घेतलेला, अगदी साधा. त्याला अंतर जुळवायची खिडकीच नव्हती. भिंगावर फुटांचे आकडे, अंदाजानं लावायचे. पण गेज रूमचा माणूस अंदाजानं कसा चालेल? त्यानं एक सुती दोरी घेतली, फुटाफुटावर गाठ मारली. एक टोक कॅमेऱ्याच्या भिंगापाशी धरायचं, दुसरं समोरच्या माणसाला द्यायचं आणि सांगायचं, "नाकाला लावा." सत्तर वर्षांचा माणूस स्वतःच्या नाकाला दोरी लावून बसला की त्याला हसू येतंच. धम्मरत्न गाठी मोजायचा, आकडा लावायचा, "सोडा आता" म्हणायचा, आणि ते हसू ओसरायच्या आत बटण दाबायचा. एवढीच युक्ती. कुणालाही जमावी अशी. मी दोनदा करून पाहिली. माझ्यासमोर लोक दोरी धरून डॉक्टरकडे बसल्यासारखे बसले.

आता माझ्या आईकडे येतो, कारण सगळं तिथंच येऊन थांबलं.

आई, सोजरबाई, अठ्ठ्याहत्तर वर्षांची. माझे वडील गेल्यापासून माझ्याकडे असते. तिचा धड असा एकही फोटो नाही. आधार कार्डावरचा आहे, त्यात ती भांडायला उभी राहिल्यासारखी दिसते. पंधरा वर्षं मी तिच्या मागे होतो. खुर्ची मांडायचो, उजेड बघायचो, नीट पदर घे म्हणायचो. दर वेळी ती तोंड फिरवायची. एकदा तर सरळ म्हणाली, "भिंतीवर टांगायचा फोटू काढायलास व्हय रे? मी मेल्यावर काढ." मी म्हणालो, अगं तसं नाही. पण खरं सांगायचं तर माझ्या मनात भिंतच होती. ती तिला दिसली, त्याला मी काय करू.

त्याच आईनं एके दिवशी गॅलरीतून पाहिलं, धम्मरत्न कौशल्याबाईंच्या नाकाला दोरी लावतोय. हसून हसून तिचा जीव अर्धा झाला. संध्याकाळी जेवताना मला म्हणाली, "त्या पोराला घिऊन ये की एकदा घरी."

तो आला. पुन्हा आला. मग येतच राहिला. गावाकडे आमच्या आईनं बौद्धवाड्यातल्या माणसाला ओसरीच्या आत कधी घेतलं नव्हतं. इथं तिनं धम्मरत्नला स्वयंपाकघरात पाटावर बसवून भाकरी वाढली. माझ्या जागी दुसरा कुणी असता तर त्याची छाती अभिमानानं फुगली असती. मी काय पाहिलं? तिनं त्याच्या भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला आणि माझ्या भाकरीवर नाही, हे पाहिलं. डॉक्टरनं मला लोणी बंद केलंय. ते मला तेव्हा आठवलंच नाही.

गेल्या फाल्गुनात धम्मरत्नचा साधा कॅमेरा बिघडला. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "दादा, तुमचा रशियन शिकवा की मला." मी लगेच हो म्हणालो. शिकवणारा वर असतो आणि शिकणारा खाली, आणि त्याला खाली बघायची मला फार दिवसांची हौस होती.

पहिल्याच दिवशी मी त्याची दोरी काढून घेतली. म्हणजे हिसकावली नाही, थट्टा केली. "अरे राव, रेंजफाइंडर हातात आहे आणि तू शिंप्यासारखा दोरी घेऊन फिरतोस." तो ओशाळला. दोरी खिशात गेली. मला बरं वाटलं, कारण ते हसू त्या दोरीतून यायचं असं माझं पक्कं मत होतं. दोरी गेली की तो माझ्यासारखा होईल. झालं उलटंच. दोरीविना त्यानं रोलामागून रोल काढले आणि माणसं त्याच्यासमोर तशीच हसत राहिली.

मी त्याला सगळं शिकवलं. फक्त एक गोष्ट सोडून.

टूलरूममध्ये मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते म्हणायचे, वस्तादानं सगळे डाव शिकवावेत आणि एक राखून ठेवावा. चेला उद्या अंगावर आला तर असू द्यावा. भोसरीत निम्मे कारागीर आजही असेच शिकवतात. मशीन दाखवतील, माप दाखवतील, आणि शेवटचा एक हात फिरवताना पाठ करून उभे राहतील. मी राखून ठेवलेला डाव हा भिंग बसवण्याचा होता.

त्या कॅमेऱ्याला नेहमीचं भिंग कसंही बसवा, चालतं. पण माझ्याकडे एक लांब पल्ल्याचं भिंग आहे, चेहऱ्यांसाठी उत्तम. ते बसवताना कॅमेऱ्याचं चाक आणि भिंगाचं कडं, दोन्ही अगदी शेवटाला, अनंताच्या खुणेवर न्यावी लागतात. मग लाल ठिपक्याला लाल ठिपका लावून फिरवायचं. चाक अनंतावर गेलं की एक बारीक कळ खट्‌ करून ते अडकवते. माझ्या कॅमेऱ्याची ती कळ झिजलेली आहे. खट्‌ वाजते, पण धरत नाही. भिंग फिरवलं की आतल्या आत चाक गुपचूप पुढं सरकतं. म्हणून बसवताना डाव्या अंगठ्यानं चाक दाबून धरायचं. न धरता बसवलं तरी भिंग बसतं छान, फिरतं छान, खिडकीत दोन माणसं एकावर एक येतातही छान. फक्त भिंग पाहत असतं भलतीकडे, समोरच्या माणसाच्या मागे, तीन-चार फूट. हे मला तीन रोल वाया घालवून कळलं होतं. ते भिंग मी त्याला लावून द्यायचो, लावायला शिकवलं नव्हतं.

वैशाखातल्या एका रविवारी आई सकाळीच म्हणाली, "धम्मूला बलीव. फोटू काढू दे आज." ती त्याला धम्मू म्हणते. मला ती कधी लाडानं काही म्हणाली असेल तर ते मला आठवत नाही.

मी म्हणालो, "मी काढतो की."

"तू न्हाई. तेच्याकडनं काढायचाय. आन एकदाच. परत कुणी म्हणायचं न्हाई."

तो दहाच्या सुमारास आला. कॅमेरा त्याच्याकडेच होता. लांब भिंग माझ्या कपाटात होतं, ते त्यानं मागितलं. मी दिलं. आई गॅलरीत सतरंजीवर मेथी निवडत बसलेली, मी तिच्या मागे स्वयंपाकघराच्या दारात. धम्मरत्ननं नेहमीचं भिंग काढलं, लांब भिंग हातात घेतलं, मला करताना पाहिलं होतं तसं चाक आणि कडं अनंतावर आणली. खट्‌ वाजलं. त्यानं लाल ठिपके जुळवले आणि फिरवलं. त्याचा डावा अंगठा खाली होता, पट्ट्यापाशी. चाकावर नव्हता.

मी पाहिलं. स्वच्छ उजेडात पाहिलं. 'थांब' म्हणायला एक श्वास लागला असता.

मी काही बोललो नाही. मनात म्हटलं, दिसू दे. एकदा तरी त्याचाही फोटो कपाटात जाऊ दे. एकदा आईलाही कळू दे की कॅमेरेवाला कोण आहे.

"दोरी न्हाई आणलास व्हय?" आई म्हणाली.

"मावशी, आता लागत नाही ती. दादांचा कॅमेरा आपला आपण मोजतो."

"कौशीच्या नाकाला लावलास. माज्या नाकानं काय घोडं मारलंय?"

तो हसला. दोरी त्याच्या खिशातच होती, सवयीनं. त्यानं टोक तिच्या हातात दिलं. तिनं ते नाकाच्या शेंड्याला लावलं, आणि लगेच तिला हसू फुटलं. पंधरा वर्षं जे हसू मी खुर्च्या मांडून, पडदे सारून शोधत होतो ते असं मेथीच्या काड्यांमध्ये बसून बाहेर आलं. मी दाराच्या चौकटीला धरून उभा होतो.

धम्मरत्ननं डोळा खिडकीला लावला, चाक फिरवलं, मग सवयीनं गाठी मोजल्या. आणि तो थांबला. त्यानं कॅमेरा खाली घेतला.

"दादा, एक मिनिट. दोरी सहा फूट म्हणतीय. भिंगावर आकडा आलाय दहा. आणि खिडकीत तर बरोबर जुळलंय. कुणाचं खरं धरू?"

गेज रूमचा नियम त्यानंच मला एकदा सांगितला होता. दोन मापं वेगवेगळी आली की काम थांबवायचं, कोण खोटं बोलतंय ते सापडेपर्यंत पुढं जायचं नाही. त्यानं थांबवलंच होतं. त्यानं मला विचारलं, कारण मी शिकवणारा होतो.

मी म्हणालो, "दोरी सुताची आहे, ताणली जाते. भिंगावरचे आकडे रशियनांनी कसेही कोरलेत. खिडकी खोटं बोलत नाही. जुळलंय ना? मग दाब."

"नक्की?"

"अरे, पंधरा वर्षं वापरतोय."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि डोळा परत खिडकीला लावला. "सोडा मावशी," म्हणाला. आईनं दोरी सोडली, हसू राहिलं. त्यानं बटण दाबलं. गॅलरीत सावली असल्यामुळे भिंगाचं छिद्र पूर्ण उघडं ठेवलं होतं. अशा वेळी जिथं भिंग पाहतं तेवढंच स्पष्ट येतं, पुढंमागं सगळं विरघळून जातं. हे मला माहीत होतं आणि त्यालाही.

त्यानं तिचे तीन फोटो काढले. आई म्हणाली, "झालं. आता मेथी निवडू लाग." तो बसला निवडायला.

पुढचा आठवडा मी कसा काढला ते विचारू नका. पहिले दोन दिवस मजेत होतो. गाळ्यावर गुणगुणत होतो. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "आला का रं फोटू?" चौथ्या दिवशी पुन्हा. पाचव्या दिवशी तिनं चष्म्याची काडी दुरुस्त करून आणायला मला बाहेर पाठवलं, फोटो आला की नीट दिसावा म्हणून. मी गेलो. दुकानात उभा राहून मी मनातल्या मनात दहा वेळा धम्मरत्नला फोन लावला. काय सांगणार होतो? रोल तर काढून झाला होता. फोन करून फोटो सुधारणार नव्हता, फक्त मी उघडा पडणार होतो. म्हणून केला नाही. मी एवढा हिशेबी आहे हे मला तोवर माहीत नव्हतं.

रविवारी तो आला. माझ्याशी न बोलता सरळ आईसमोर जाऊन बसला. तोंड उतरलेलं होतं. कॅमेरा गळ्यात आणि हातात खाकी पाकीट.

"मावशी, माफ करा," तो म्हणाला. "फोटो बिघडला. माझी चूक झाली. तीनपैकी एक त्यातल्या त्यात बरा होता तो मोठा करून आणलाय, पण तोही तुमचा नाही आला."

आईनं चष्मा लावला. मी तिच्या खांद्यावरून वाकलो.

फोटोत पुढं एक पांढुरका ढीग होता. लुगडं आणि डोकं आहे एवढंच समजत होतं. हसू कुठंच नव्हतं. मागे दाराची चौकट मात्र अशी आली होती की लाकडाच्या रेषा मोजाव्यात. कडीचा गंज दिसत होता. कॅलेंडरवरची तारीख वाचता येत होती. आणि चौकटीत मी. पापणीचा केस अन् केस. एक हात चौकटीला घट्ट, मान पुढं काढलेली, जबडा आवळलेला, डोळे आईच्या पाठीवर. मी नुकताच 'मग दाब' म्हणालो होतो. तो चेहरा मी आरशात कधी पाहिलेला नाही. आरशासमोर माणूस आधी तोंड सारखं करतो.

आईनं फोटो लांब धरला, मग जवळ आणला. "हा जोती हाय," ती म्हणाली. "आन मी कुठाय?"

"ह्या पुढं तुम्ही, मावशी," धम्मरत्ननं बोट ठेवलं.

"असू दे, असू दे." ती फोटोतल्या माझ्या चेहऱ्याकडेच बघत राहिली. मग त्याला सांगायला लागली, जणू मी तिथं नाहीच. "धाकटा झाला तवा हे असंच दारात उभं ऱ्हायचं बघ. तेला पाजायला घेतलं की आलंच. अशीच मान काढून. पाच वर्साचं हुतं. एकदा तेच्या वाटीतल्या दुदात मीठ घातलंतं ह्यानं. लेकरू वकून वकून बेजार. मी इचारलं तर म्हनलं, मला काय म्हाईत."

माझा धाकटा भाऊ गावाकडे शेती बघतो. मला ते मीठ आठवत नव्हतं. ती बोलली आणि आठवलं.

धम्मरत्न फोटोकडे बघत होता. मग त्यानं गॅलरीकडे पाहिलं, तो जिथं बसला होता ती जागा, आई बसली होती ती जागा, आणि दार. त्याला मोजायला दोरी लागली नाही.

"दादा," तो म्हणाला, "दहा फुटांवर तुम्ही होता."

"हो."

"म्हणजे भिंगाचा आकडा बरोबर होता. दोरीही बरोबर होती. खिडकी चुकत होती." त्यानं माझ्याकडे मान वळवली. "तुम्हाला माहीत होतं?"

मला काय माहीत, असं म्हणता आलं असतं. आई समोर होती.

"होतं," मी म्हणालो. "बसवताना चाक अंगठ्यानं धरायचं असतं. मी तुला सांगितलं नव्हतं."

तो ओरडेल असं मला वाटलं होतं. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं गळ्यातून कॅमेरा काढला, पट्टा नीट गुंडाळला आणि सतरंजीवर ठेवला. "दोन मापं वेगळी आली तेव्हाच मी थांबायला हवं होतं," एवढंच म्हणाला.

मी आईकडे वळलो. "आई, आत्ता काढतो तो परत. मी भिंग नीट बसवून देतो. दोन मिनिटांचं काम आहे."

"एकदाच म्हनलं हुतं मी," आई म्हणाली. तिनं फोटो पाकिटात घातला आणि धम्मरत्न हात पुढं करतोय हे पाहून पाकीट मांडीखाली सरकवलं. "ऱ्हाऊ दे माज्याकडं. माजा न्हाई आला तर न्हाई. ह्याचा आलाय की."

त्याला चार महिने झाले. धम्मरत्ननं त्याचा जुना साधा कॅमेरा दुरुस्त करून घेतला, दोरी पुन्हा बाहेर आली. रविवारी तो आमच्या घरी येतो, आईजवळ बसतो, भाकरी खातो. मला "काय दादा, बरंय ना" म्हणतो, आणि मी "बरंय" म्हणतो. त्यापुढं बोलणं जात नाही. पूर्वी एकेका स्क्रूवर आमचा तास जायचा. रशियन कॅमेरा कपाटात आहे. मी काढत नाही.

गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं की सोजरबाईंनी एकदाचा फोटो काढून घेतला. कौशल्याबाईंनी परवा जिन्यात त्याला अडवून विचारलं, काय रे, आमच्या सोजरबाईचा फोटो कुठंय, सगळ्यांचे दिलेस. मी वरच्या पायरीवर होतो. त्याला मी दिसत नव्हतो. माझं नाव सांगायला त्याला एक श्वास लागला असता, आणि सांगितलं असतं तर भोसरीत मला तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

"माझाच हात चुकला, काकू," तो म्हणाला, आणि जिना उतरून गेला.

मी तिथंच उभा राहिलो. वाटलं होतं हलकं वाटेल. पण पोटात तेच ओळखीचं दुखायला लागलं, आणि पूर्वीपेक्षा जास्त. त्याच्या दोरीवर जळलो, त्याच्या हसणाऱ्या माणसांवर जळलो, आईच्या लोण्यावर जळलो. आता तो माझ्याबद्दल गप्प बसतो, त्यावरही जळतोय.